दादांच्या हातचा आवाज

"तुमच्या भावाचा नेहमीचा माणूस आज दुकान बंद करून कुठेतरी गेलाय, म्हणून म्हटलं तुम्हालाच गाठावं," असं म्हणत ड्रमवाल्याने गिटारची काळी पिशवी दादांच्या टेबलावर ठेवली.

दादांनी चष्मा कपाळावर सरकवला. "नेहमीचा माणूस? अरे, ह्या गिटारचा नेहमीचा माणूस म्हणजे मीच की."

ड्रमवाल्याने जीभ चावली. गेली सात वर्षं तो दादांच्या धाकट्या भावाबरोबर ऑर्केस्ट्रात वाजवत होता. माणूस सरळ, पण तोंडात तीळ भिजायचा नाही.

"नाही, म्हणजे पुसायबिसायला नेतो तो तिकडे. तुम्हाला कशाला उगाच त्रास, म्हणून. ते जाऊ द्या, दादा. सकाळी तालमीत खरखर सुरू झाली. मधेच आवाज गप्प होतो, मधेच बोंबलतो. चारला कार्यक्रम आहे आणि हा तिकडे हॉलवर लाइटवाल्याशी हुज्जत घालत बसलाय. मी म्हटलं, घरात एवढा कारागीर असताना विचारायचं काय? उचलली आणि आलो."

"बरं केलंस. बारापर्यंत देतो."

"फक्त मी आणली म्हणून सांगू नका हं त्याला. चिडतो तो. गिटारला कुणी हात लावलेला खपत नाही."

"माझ्यावर कशाला चिडेल?" दादा हसले. ड्रमवाला मात्र हसला नाही. हेल्मेट उचलून तो घाईघाईने जिना उतरला.

दादांनी पिशवीची चेन उघडली. गिटार बाहेर काढून फडक्यावर आडवी ठेवली आणि तिच्याकडे जरा वेळ नुसते बघत बसले. हातात घेऊन तिला नीट बघायला मिळून किती वर्षं झाली, याचा हिशेब त्यांना लागेना. कार्यक्रमात ती स्टेजवर असायची आणि दादा तिसऱ्या रांगेत. घरी धाकटा ती आणायचा नाही, आणि आणली तरी उघडू द्यायचा नाही. "आवाज बसलाय, दादा. छेडू नकोस," म्हणायचा. दादांना त्यात कौतुकच वाटायचं. आपण केलेल्या कामाला कुणी इतकं जपावं, अजून काय पाहिजे माणसाला?

बारा वर्षांपूर्वी ही गिटार घरात आली तेव्हा तिच्यात जपण्यासारखं काहीच नव्हतं. दुकानातल्या सगळ्यात स्वस्त रांगेतली. लाकूड तेवढं चांगलं, बाकी सगळा आनंद. खुंट्या अशा, की एक गाणं संपेपर्यंत तारा उतरायच्या. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी पत्र्याची. आणि आवाज तर शेजारच्या खोलीत कुणी डबा वाजवतंय असा. धाकटा तेव्हा नुकताच ऑर्केस्ट्रात लागला होता आणि रोज तोंड पाडून घरी यायचा. "बाकीचे हसतात रे माझ्या गिटारला."

दादा तेव्हा मोटार वाइंडिंगच्या कारखान्यात होते. जळलेले पंखे, पाण्याचे पंप, पिठाच्या गिरणीची मोटार, जे येईल त्याच्यातली जुनी तार काढायची आणि नवी भरायची. एका रविवारी त्यांनी सहज म्हणून गिटारचे स्क्रू काढले, तारांखालची बोटभर लांबीची डबी, जिला पिकअप म्हणतात, ती उघडली आणि खुर्चीतून उठूनच उभे राहिले. आत एक चुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. "अरे, हे तर आमचंच काम आहे!" ते ओरडले. वरची तार थरथरली की वेढ्यांत वीज थरथरते, आणि तीच पुढे आवाज होते. एवढंच.

मग वर्षभर दादांनी त्या गिटारचा पिच्छा सोडला नाही. खुंट्या बदलल्या. घोडी नवी पितळेची आणली. मानेवरची प्लॅस्टिकची पट्टी काढून हाडाची घासून बसवली. आवाजाची बटणं, आतली वायर, स्विच, सगळं उपसून नवं घातलं. आणि शेवटी तीन पिकअप. शिलाई मशीनच्या मोटरवर त्यांनी स्वतःचं यंत्र बनवलं आणि प्रत्येकावर सात हजार सहाशे वेढे हाताने सोडले. वेढे ते तोंडाने मोजायचे. त्या काळात घरात बोलायची बंदी. वहिनी, म्हणजे दादांची बायको, दारातून नुसता चहाचा कप उंच धरून दाखवायची आणि दादा मान हलवून हो किंवा नाही सांगायचे. एकदा धाकट्याने "दादा, माझा शर्ट कुठंय?" विचारलं आणि चार हजारावर आलेली मोजणी गेली. दादांनी दोन दिवस त्याच्याशी अबोला धरला.

मोटारीचं वाइंडिंग झालं की वॉर्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजतात, म्हणजे वेढे जागचे हलत नाहीत. दादांनी एका पिकअपवर तेही करून पाहिलं. आवाज सर्दी झाल्यासारखा आला. त्यांनी तो कापून टाकला आणि पुढचे तिन्ही कोरडेच ठेवले, वरून सुती पट्टी घट्ट गुंडाळून. वॉर्निशशिवाय सोडलेलं हे त्यांच्या आयुष्यातलं पहिलं वाइंडिंग.

घरातल्या लहानशा स्पीकरवर धाकट्याने पहिली तार छेडली आणि दादा उठून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. सगळ्यांदेखत डोळ्यांत पाणी आलेलं बरं दिसलं नसतं.

तेव्हापासून त्या आवाजाची कीर्ती झाली. वाजवणारी माणसं धाकट्याला विचारायची, "पिकअप कुठले रे?" धाकटा सांगायचा, "माझ्या दादाच्या हातचे." हळूहळू एखाददुसरा दादांचा पत्ता शोधत यायला लागला. सहा महिन्यांपूर्वी धाकटाच म्हणाला, "सोड आता ती नोकरी. जळक्या मोटारी किती दिवस उकरणार? तुझ्या हातात कला आहे." एकोणतीस वर्षांची नोकरी दादांनी सोडली. पुढच्या खोलीत टेबल मांडलं. आता पोट आणि अब्रू दोन्ही त्या एका आवाजावर होती. "धाकट्याच्या गिटारसारखा आवाज पाहिजे," एवढंच म्हणत माणसं दार वाजवायची.

आणि नेमकं तिथेच घोडं पेंड खात होतं. तो आवाज पुन्हा येत नव्हता.

एका दाताच्या डॉक्टरीणबाईची गिटार तर तीन महिने भिंतीला लटकत होती. "दिवसभर ड्रिल ऐकून कान किटतात हो, संध्याकाळी काहीतरी गोड ऐकायचं असतं," म्हणून ती वाजवायला शिकली होती. दादांनी केलेले पहिलेच पिकअप तिला पसंत पडले होते. पण दादांनीच मान हलवली. "नाही, बाई. हा तो आवाज नाही. माझा असा नाही येत." आणि ती गेल्यावर ब्लेडने वेढे कापले. मग दुसऱ्यांदा केले, तेही कापले. आता तिसऱ्यांदा चाललं होतं. एका गिऱ्हाइकाने तर तक्रार केली होती की मोठ्या स्पीकरवर गिटार कर्कश किंचाळते, लोक पिकअप मेणात बुडवतात तसे तुम्ही बुडवता का? दादांनी त्यालाच सुनावलं. "मेणबीण काही लागत नाही. माझ्या भावाची गिटार अकरा वर्षं कोरड्या वेढ्यांवर गातेय. तुमच्याच स्पीकरची खोड आहे." तो बिचारा गिटार घेऊन मुकाट्याने गेला.

म्हणून आज ही गिटार हातात आली याचा दादांना आतून आनंदच झाला होता. खरखर काढायची ती काढूच, पण आत एकदा नीट बघूनही घेऊ. तेव्हा आपण तार किती ताणली होती, वेढे कसे पसरले होते? आपलंच काम आपणच पुन्हा शिकून घ्यायचं. त्यांनी तारा सैल करून बाजूला केल्या, वरच्या पांढऱ्या पट्टीचे अकरा स्क्रू काढून बशीत ठेवले आणि पट्टी उलटी केली.

पहिल्यांदा त्यांची नजर डागांवर गेली. डाग म्हणजे वायरीला लावलेला कथलाचा थेंब. ज्याचा त्याचा डाग वेगळा असतो, अक्षरासारखा. दादांचा डाग चपटा आणि लहान असे. हे डाग फुगीर होते, चकचकीत, घाईने लावलेले. वायरीही कापडी वेष्टनाच्या होत्या, पांढरी आणि काळी. दादा कारखान्यातली लाल-पिवळी वापरत.

'दुरुस्तीला कुणीतरी उघडलं असेल,' त्यांनी स्वतःला सांगितलं. मग एका पिकअपचं झाकण अंगठ्याने वर सरकवलं. झाकण तेच होतं, कोपऱ्यात त्यांच्याच पक्कडीचा ओरखडा असलेलं. आत सुती पट्टी नव्हती. काळी, गुळगुळीत, मेणाने माखलेली कंपनीची गुंडाळी होती. खाली छापील नंबर. दुसरं झाकण उघडलं. तिसरं उघडलं. तिथेही तेच.

दादांनी तिन्ही झाकणं टेबलावर ओळीने मांडली. झाकणं तीच ठेवली होती. वरून बघणाऱ्याला कळू नये म्हणूनच ठेवली होती, आणि वरून बघणारा माणूस जगात एकच होता. इतर कुणाला झाकणाचं काय देणंघेणं? हे सगळं त्यांच्या एकट्यासाठी केलेलं होतं. चोर घरात शिरून गेल्यावर वाटावं, तसं वाटलं त्यांना. आणि चोर तर आपल्याच ताटात जेवलेला.

खरखर कशाने येतेय ते त्यांनी शोधलं. बाहेरची वायर खोचायची जागा सैल होऊन आतला एक धागा तुटला होता. दहा मिनिटांचं काम. ते त्यांनी केलं, नीट केलं. पट्टी मात्र उघडीच ठेवली.

पावणेबाराला धाकटा धावतच जिना चढून आला. कार्यक्रमाचा काळा कोट अंगात, बटणं उघडी. ड्रमवाल्याच्या पोटात तासभरही काही राहिलं नव्हतं.

"दादा, तू उघडलीस?" दारातूनच त्याने विचारलं. मग त्याची नजर टेबलावरच्या उघड्या पट्टीवर गेली.

"कधी बदललेस?"

"जाऊ दे ना, दादा. आज कार्यक्रम आहे."

"कधी?"

धाकटा समोरच्या स्टुलावर बसला. "दुसऱ्याच महिन्यात. त्या मोठ्या हॉटेलात वाजवायला गेलो होतो. घरी छान वाजायची रे, खरंच छान. पण तिथे मोठ्या स्पीकरपुढे उभा राहिलो आणि अशी किंचाळली, अशी किंचाळली की माणसांनी कानांवर हात ठेवले. मालक म्हणाला, उद्या हे खेळणं आणायचं नाही."

"म्हणजे मी पहिल्यांदा तुला ऐकायला आलो, तेव्हा..."

"तेव्हा बदललेले होते."

दादांना तो दिवस आठवला. पंपांचा हंगाम संपल्यावर, पहिली सुट्टी मिळाल्यावर ते गेले होते आणि परत येताना वहिनीला दहादा म्हणाले होते, स्टेजवर तर आणखीच खुलतो गं आवाज.

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार होतो? कारखान्यात, शेजारीपाजारी, सगळ्यांना तू सांगत सुटला होतास. तुझं तोंड बघून धीरच होईना. म्हटलं, सांगू नंतर. मग नंतर आणखी अवघड झालं. आणि तू इतका खूश होतास, दादा. तुझ्या चांगल्यासाठीच..."

"किंचाळत होती ना? वेढे सैल होते म्हणून. मेणात बुडवायचे होते नुसते. वॉर्निश जड झालं होतं, मेण हलकं. एका संध्याकाळचं काम होतं, रे."

"एवढंच?" धाकट्याने मान वर केली.

"एवढंच."

"मला काय माहीत!"

"तुला नव्हतं माहीत. मला विचारलं असतंस तर दोन दिवसांत मला कळलं असतं. आयुष्यभर वेढेच घातलेत मी." दादांचा आवाज चढला. तसा तो कधी चढत नसे. "माझं काम चुकलं होतं. चूक तरी माझी मला द्यायचीस! अकरा वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीस. तिसऱ्या रांगेत बसून मी दुसऱ्याच्या कामाला मान डोलवत होतो, आणि तू वरून बघत होतास."

धाकट्याने बशीतले स्क्रू बोटाने सारखे केले.

"बरं, माझी फसवणूक केलीस ती केलीस. लोकांना माझ्याकडे का पाठवलंस? नोकरी सोड का म्हणालास?"

"लोक विचारायचे पिकअप कुणाचे. इतकी वर्षं एकच उत्तर दिलं होतं, तेच तोंडात यायचं. आणि तुला जमेल असं मला खरंच वाटलं होतं."

"माझे तिन्ही कुठे आहेत?"

"होते कपाटात. जपून ठेवले होते, शपथ घेऊन सांगतो." धाकट्याने कोटाचं एक बटण लावलं आणि पुन्हा काढलं. "घर बदललं तेव्हा सामानात गेले वाटतं कुठेतरी."

दादा उठले. झाकणं बसवली, पट्टी बसवली, अकरा स्क्रू आवळले. तारा चढवून एकेक सुरात आणली. छोट्या स्पीकरला जोडून बटणं फिरवून पाहिली. खरखर गेली होती. आवाज सुंदर होता, आणि ते त्यांना अजूनही नाकारता येईना, याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.

"घे. जा, उशीर होईल."

"येशील ना, दादा?"

दादांनी टेबलावरचं फडकं झटकलं. धाकटा थोडा वेळ दारात घुटमळला आणि गेला.

मग दादांनी फोन उचलला. आधी त्या सुनावलेल्या गिऱ्हाइकाला लावला. "तुमचा स्पीकर चांगला आहे. चूक माझी होती. गिटार घेऊन या, मेणात बुडवून देतो." पलीकडचा माणूस इतका बावचळला की त्यानेच दोनदा माफी मागितली. नंतर डॉक्टरीणबाईला.

"बाई, पहिल्यांदा केलेला आवाज आठवतो का तुम्हाला?"

"आठवतो की. मला आवडला होता तो. तुम्हीच नको म्हणालात."

"तो बरोबर होता. मी भलत्याच कुणाच्या आवाजाशी ताडून बघत होतो."

"मग तोच बसवा ना, काका!"

"तो मी कापला," दादा म्हणाले. "पण पुन्हा करतो. ह्या वेळी माझ्यासारखाच करतो." बाई हसून बरं म्हणाली. तिच्या पाठीमागे ड्रिलचा आवाज येत होता.

तीनच्या सुमाराला वहिनी बहिणीकडून आली ती तयार होऊनच. ठेवणीतले कपडे, केसांना तेलाचा वास, हातात नवी पर्स. "अहो, अजून असेच? चला, आवरा. आज मोठा हॉल आहे, पुढच्या जागा ठेवल्यात भावजींनी."

दादांनी तिच्याकडे पाहिलं. सगळं सांगायला त्यांनी तोंडही उघडलं. ती आरशात बघून टिकली नीट करत होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती.

"डोकं दुखतंय जरा," ते म्हणाले. "तू जा. शेजारणीला घेऊन जा."

ती कुरकुरत गेली. दादांनी कारखान्यातून आणलेला जुना डबा काढला, पातेल्यात पाणी ठेवून त्यात डबा ठेवला आणि डब्यात मेण वितळायला घातलं. मेणाचा अंदाज यावा म्हणून डॉक्टरीणबाईच्या गिटारवर गेल्या आठवड्यात बसवलेला पिकअप खोलून आधी तो त्यात सोडला. वेढ्यांमधली हवा बारीक बुडबुड्यांनी वर यायला लागली. ते थांबेपर्यंत पिकअप बाहेर काढायचा नसतो. दादा स्टूल ओढून बसून राहिले. चार वाजले, पाच वाजले.

वहिनी परत आली तेव्हा बाहेर अजून उजेड होता. पर्स ठेवायच्या आधीच ती बोलायला लागली.

"काय केलंत हे, आला नाहीत ते! आज भावजींनी माइकवरून सांगितलं, सगळ्या हॉलसमोर. म्हणाले, हा आवाज माझ्या दादाच्या हातचा आहे, आज जो काही मी आहे तो त्याच्यामुळे. अहो, केवढ्या टाळ्या! लोक माना वळवून बघायला लागले, कुठे आहेत दादा, कुठे आहेत. मग मीच उभी राहिले."

"उभी राहिलीस?"

"मग काय करणार? हात जोडले सगळ्यांना. मला तर बाई रडूच आलं." तिने पदराने डोळे टिपले. "चुकलं का माझं?"

"नाही," दादा म्हणाले. "बरं केलंस." मग त्यांनी विचारलं, "आवाज कसा होता?"

"कसा म्हणजे? तुमचाच. मला काय तो ओळखू येत नाही होय? इतकी वर्षं ऐकतेय."

"हो," दादा म्हणाले, आणि डब्याखालचा गॅस बारीक केला.